सगळं बाहेर काढल्यावर कंसात काय उरतं? आठवीच्या एका वर्गाचं प्रकरण

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यातली एक अनुदानित माध्यमिक शाळा, पाचवी ते दहावी. गाव फार मोठं नाही, पण आसपासच्या वस्त्यांवरची मुलं आमच्याकडेच येतात, कारण तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळा कुठे चौथीपर्यंत तर कुठे सातवीपर्यंत. त्यामुळे आठवीचा वर्ग म्हणजे दरवर्षी नव्याने बांधायची मोट. त्या वर्षी पटावर ४१ मुलं होती. निम्मी आमचीच, निम्मी चार वेगवेगळ्या शाळांतून आलेली.

मी आठवी-नववीला गणित शिकवते. आठवीत पावसाळ्यात बैजिक राशींच्या अवयवांचा धडा येतो आणि त्यात मुख्य काम वर्गत्रिपदीचं, म्हणजे चलाचा वर्ग असलेल्या तीन पदांच्या राशीचं असतं. पदांचा मसावि (महत्तम सामाईक विभाजक) ओळखून तो कंसाबाहेर घेणं सातवीत होऊन गेलेलं, असं आपण धरून चालतो. मीही धरलं. पाठ टाचणात त्याला एकच तास दिला होता, 'उजळणी' असं लिहून.

एक खुलासा. फळ्यावर आम्ही पाठ्यपुस्तकातली इंग्रजी अक्षरंच वापरतो. इथे मी चलांसाठी अ, ब, क, द घेतले आहेत. आमच्या पिढीने बीजगणित असंच शिकलं होतं, त्यामुळे मला ते परकं वाटत नाही.

अडचण

उजळणीचा तास छान गेला. 'कळलं का?' विचारलं की सगळा वर्ग एका सुरात 'हो मॅडम' म्हणतो, तसा म्हणाला. दुसऱ्या दिवशी दहा गणितांची चिठ्ठी दिली. संध्याकाळी घरी वह्या तपासायला बसले आणि चहा गार झाला.

पहिलं गणित होतं ६अ²ब + ९अब². ते बहुतेकांना आलं: ३अब(२अ + ३ब). त्यामुळे मुलांना रीत माहीतच नाही, असं म्हणायची सोय नव्हती. दुसरं होतं ५अ² + ५अ. ते फक्त १४ जणांचं बरोबर होतं. बाकीच्यांनी ५अ(अ) लिहून कंस बंद केला होता. काहींनी ५अ(अ + ०) लिहिलं होतं. हे उत्तर मला जास्त प्रामाणिक वाटलं. त्या मुलांना तिथे काहीतरी असायला हवं हे जाणवलं होतं, फक्त काय ते कळलं नव्हतं.

१२अ³ − १८अ² + ६अ याचं झालं ६अ(२अ² − ३अ). तीन पदं आत गेली आणि दोन बाहेर आली. −४अ − ८ याचं −४(अ − २). ८अ²ब + १२अब याचं २अब(४अ + ६), म्हणजे चुकलेलं नाही, पण अर्ध्यावर सोडलेलं.

आणि पाच-सहा वह्यांत एक निराळंच. अ³ आणि अ² यांचा मसावि अ³. मी आधी हयगय समजले. मग लक्षात आलं की मुलं 'महत्तम' या शब्दाला प्रामाणिक होती. महत्तम म्हणजे सर्वांत मोठा, तर मोठा घातांक घ्या! संख्यांच्या बाबतीतही हा घोळ दरवर्षी होतो. १२ आणि १८ यांचा मसावि ६ आणि लसावि (लघुतम सामाईक विभाज्य) ३६. नावात 'महत्तम' आहे तो लहान निघतो आणि 'लघुतम' आहे तो मोठा. विभाजक आणि विभाज्य या शब्दांकडे लक्ष गेलं नाही, तर मुलाचा अंदाज उलटाच जाणार.

पहिलं पाऊल, आणि ते चुकलं

मी काय केलं? जे आपण सगळेच करतो. आणखी ४० गणितं दिली. गृहपाठ, शिवाय मधल्या सुट्टीनंतर दहा मिनिटं. आठवडाभर. 'सरावानं येतं' हे वाक्य मी स्वतः लहानपणापासून ऐकत आले आहे.

आठवड्याने पुन्हा चिठ्ठी दिली. पहिल्या प्रकारची गणितं आता झपाझप आली. ५अ(अ) लिहिणारी मुलं मात्र आता न अडखळता ५अ(अ) लिहीत होती. सराव झाला होता, पण चुकीचा.

तेव्हा मला सुचायला हवं होतं ते उशिरा सुचलं: विचारावं. सहा मुलांना मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बोलावलं. लाल पेन बाजूला ठेवलं. म्हटलं, हे गणित बोलत बोलत सोडवा, मी फक्त ऐकते.

नव्यानेच आलेली एक मुलगी, मागून दुसऱ्या बाकावर बसणारी, एरवी तोंड न उघडणारी. तिने ५अ² + ५अ खाली बोट फिरवत म्हटलं, "दोन्हीत पाच अ आहे. तो बाहेर काढला. इथं एक अ राहिला. इथला काढला तर काहीच नाही राहिलं."

"काहीच नाही?"

"डब्यातून भाकर काढली की डबा रिकामाच होतो ना मॅडम."

मला उत्तर देता आलं नाही. तिचं बरोबर होतं. भाकर काढली की डबा रिकामा होतो. 'काढा' हा शब्द मी दिला होता. फळ्याशी उभी राहून त्या एका तासात किती वेळा म्हटलं असेन: सामाईक काय आहे ते बाहेर काढा, आता आतलं लिहा. तिच्या आधीच्या शाळेत 'कॉमन काढा' म्हणत, दुसऱ्या एका शाळेतला मुलगा 'सामाईक उचला' म्हणाला. सगळ्या शब्दांत वजाबाकी दडलेली. ५अ मधून ५अ काढले तर शून्य, हे मुलांनी पहिलीपासून शिकलेलं आहे. आपण करतो भागाकार आणि बोलतो वजाबाकीच्या भाषेत.

मग ६अ²ब + ९अब² बरोबर का येत होतं? कारण तिथे प्रत्येक पदात काही ना काही दिसण्याजोगं उरतं. ६अ²ब मधून ३अब 'काढले' की २अ दिसतो. रीत चुकीच्या समजुतीवर चालत होती आणि उत्तर बरोबर येत होतं. असली गणितं कितीही दिली असती तरी समजूत उघडी पडली नसती.

पर्याय

घटक चाचणीला तीन आठवडे होते. शिक्षक खोलीत विषय काढला. आमचे एक ज्येष्ठ सर आहेत, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, मुलं त्यांना मानतात. ते म्हणाले, "अहो मॅडम, एक नियम द्या. सगळं गेलं की एक ठेवायचा. पाठ करून घ्या. मी तीस वर्षं हेच करतोय."

हा पर्याय टाकाऊ नव्हता. एका तासात काम झालं असतं, चाचणीत गुणही मिळाले असते. मला शंका एवढीच होती की 'काढा' आणि 'एक ठेवा' या दोन सूचना एकमेकींशी भांडतात. भाकर काढल्यावर डब्यात एक कशाचा? ज्या नियमाला कारण नाही, तो मुलं दोन महिन्यांत विसरतात किंवा नको तिथे लावतात.

दुसरा पर्याय मुळापासून सुरुवात करण्याचा. संख्यांचे मूळ अवयव, मग मसावि, मग एकपदींचा मसावि, मग वितरण गुणधर्म. शास्त्रशुद्ध, पण किमान दोन आठवड्यांचा. शिवाय मसावि काढणं ही बहुतेकांची अडचण नव्हतीच. 'महत्तम'वाल्या पाच-सहा जणांना त्याची गरज होती, तर त्यांना वेगळं बसवता येणार होतं.

तिसरा पर्याय: उलट्या दिशेने जायचं. आधी गुणाकार, कंस सोडवणं, आणि तिथून मागे फिरून अवयव. आणि फळ्यावरून 'काढा' हा शब्द पुसायचा.

मी तिसरा घेतला, मुख्याध्यापकांना सांगून चार तास मागितले. ते म्हणाले, "चारच. पाचवा नाही."

काय केलं

पहिल्या तासाला गणित लिहिलंच नाही. चौकटीच्या वहीचे कागद वाटले. ६ चौकटी बाय ६ चौकटींचा एक चौरस कापा, आणि ६ बाय १ ची एक पट्टी. चौरसाचं क्षेत्रफळ ३६, पट्टीचं ६. दोन्ही शेजारी शेजारी चिकटवा. एकच आयत झाला. त्याची एक बाजू ६. दुसरी किती?

"सात."

सहाच्या जागी पाच घ्या, आठ घ्या. प्रत्येक बाकावर वेगळी संख्या. सगळीकडे दुसरी बाजू एकाने जास्त. मग चौरसाच्या कडेवर अ लिहायला सांगितलं. चौरस अ², पट्टी अ, एकत्र अ² + अ. आयताच्या बाजू? अ आणि अ + १. एका मुलाने पट्टी हातात धरून वर केली आणि म्हणाला, "मॅडम, ही पट्टी हरवली होती!" त्या दिवसापासून वर्गात त्या चुकीचं नाव 'पट्टी हरवली' असं पडलं. वह्या तपासताना मी समासात नुसतं 'पट्टी?' लिहायला लागले.

दुसऱ्या तासाला शब्द बदलला. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या आणि महिनाभर पुसू दिल्या नाहीत:

सगळ्या पदांना कशाने भाग जातो?
भागून प्रत्येक पदाचं काय येतं?

५अ ला ५अ ने भागलं की काय येतं, हे विचारल्यावर वर्गात कोणी शून्य म्हणालं नाही. एकानेही नाही. सातला सातने भागलं की एक येतो, हे त्यांना चौथीपासून ठाऊक होतं. मी फक्त ते दार उघडलं नव्हतं. चिन्हाची चूकही याच वाटेने बरीचशी सुटली, कारण −८ ला −४ ने भागलं की अधिक २ येतात हे पूर्णांकांत झालेलं होतं. आणि अ³, अ² यांचा मसावि? अ² ला अ³ ने भाग जातो का, एवढं विचारलं की पाच-सहांपैकी चौघांनी स्वतःच खोडून अ² लिहिलं.

(थोडं विषयांतर. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला आमच्या मुलांची सहल जाते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख तिथल्या पाटणे गावात आहे. भास्कराचार्यांच्या कुट्टकाच्या रीतीत, म्हणजे पूर्णांकांत उत्तर शोधायच्या समीकरणांच्या रीतीत, पहिलीच सूचना अशी की भाज्य, हार आणि क्षेप या दिलेल्या तिन्ही संख्यांना एकाच संख्येने भाग जात असेल तर आधी तो देऊन घ्यावा. या कृतीला त्यांचा शब्द आहे 'अपवर्तन'. आठशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या शब्दात भागाकार स्पष्ट होता, आपल्या 'बाहेर काढा'त तो लपला. अपवर्तन हा शब्द वर्गात आणायचा मोह झाला होता. पण तो आता विज्ञानात प्रकाशाच्या वाकण्याला दिलेला आहे, मुलांना आणखी एका गोंधळात टाकायला नको म्हणून सोडला.)

तिसऱ्या तासाला मुलांनीच गणितं बनवली. मनात एक कंस धरायचा, बाहेरचा गुणक धरायचा, गुणाकार करून राशी शेजाऱ्याला द्यायची. शेजाऱ्याने मूळचा कंस शोधायचा. अट एकच: कंसात एक तरी पद १ किंवा −१ हवं. शेजाऱ्याला फसवायच्या नादात मुलांनी अशी गणितं काढली की मला पुस्तकात सापडली नसती. त्या व्हरांड्यातल्या मुलीने ७अब − ७अबक + १४अब² दिलं होतं. उत्तर ७अब(१ − क + २ब). 'एक' पुढे बसवायची तिची चलाखी मला फार आवडली. सगळ्या उदाहरणांत तो शेवटी येतो, म्हणून मुलं शेवटीच शोधतात.

चौथ्या तासाला पडताळा. अ च्या जागी एखादी संख्या घालून दोन्ही बाजू तपासा. अ = २ घेतला तर ५अ² + ५अ ची किंमत ३०. ५अ(अ) ची २०. पट्टी हरवली. ५अ(अ + १) ची ३०.

इथे एक गंमत झाली, म्हणजे माझी फजिती. एका मुलाचे सगळे पडताळे बरोबर आणि निम्मी उत्तरं चूक. पाहिलं तर पठ्ठ्याने प्रत्येक ठिकाणी अ = ० घेतला होता. सोपं पडतं म्हणून! बाहेर अ असलेल्या प्रत्येक राशीची किंमत शून्य, कंसात काहीही लिहा. मी संख्या कोणती घ्यायची हे सांगितलंच नव्हतं. मग शून्य बाद केला, आणि घातांक चुकला तरी कळत नाही म्हणून एकही.

दुसरी उणीव पडताळ्यातच आहे. २अब(४अ + ६) हे उत्तर कोणतीही किंमत घालून तपासा, बरोबरच येणार, कारण ते चूक नाहीच. ४अब(२अ + ३) पर्यंत पोहोचलं आहे की नाही हे किंमत सांगत नाही. त्यासाठी कंसाच्या आत पुन्हा डोकावावं लागतं: आतल्या सगळ्यांना आणखी कशाने भाग जातो का? अशा अर्ध्या उत्तराला गुण किती द्यायचे यावर ज्येष्ठ सरांशी थोडी वादावादी झाली. ते म्हणाले शून्य, 'पूर्ण अवयव पाडा' असं विचारलंय. मी अर्धे दिले. दोन टप्प्यांत पोहोचणं हा गुन्हा नाही, आणि बऱ्याच मुलांची पहिली पायरी तीच असते. अजूनही माझं मत तेच आहे.

निष्पत्ती

घटक चाचणीत ५अ² + ५अ च्या धर्तीचं गणित ३३ मुलांचं बरोबर आलं. चिन्हाची चूक कमी झाली, गेली नाही. अर्ध्यावर सोडण्याची सवय जवळजवळ तशीच राहिली. तिच्यावर मी पुरेसा वेळ दिला नव्हता आणि ते निकालात दिसलं. ते गणित चुकलेल्या आठ जणांपैकी तिघांची खरी अडचण पाढ्यांची होती. १८ आणि १२ यांना ६ ने भाग जातो हेच त्यांना पटकन दिसत नव्हतं. त्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप वेगळ्या मजल्यावर चालला होता.

काय वेगळं करता आलं असतं

व्हरांड्यातली दहा मिनिटं पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती. ४० गणितांचा तो आठवडा वाया गेलाच, वर चूक घट्ट करून गेला.

पहिल्या चिठ्ठीतली गणितं निवडताना मी सोपं ते अवघड असा क्रम लावला होता. त्याऐवजी कोणतं गणित कोणती समजूत उघडी पाडतं हे पाहायला हवं होतं. ५अ² + ५अ दिसायला ६अ²ब + ९अब² पेक्षा सोपं आहे, म्हणून मी ते उगाच भरतीला टाकलं होतं. नशीब, टाकलं.

आणि जिल्हा परिषदेच्या त्या चार शाळांतल्या गुरुजींना एकदा फोन करून विचारायला काय हरकत होती, की तुम्ही हे कोणत्या शब्दांत शिकवता? पुढच्या वर्षी दोघांशी बोलले. एक जण म्हणाले, आम्ही 'वाटून घ्या' म्हणतो. माझ्या शब्दापेक्षा तो किती तरी चांगला.

वर्गत्रिपदीला पोहोचल्यावर

ऑगस्ट अखेरीस १२अ³ − १८अ² + ६अ हे जुनं गणित मी मुद्दाम परत फळ्यावर लिहिलं. ६अ(२अ² − ३अ + १) पर्यंत वर्ग सहज आला. आता आतल्या वर्गत्रिपदीचे अवयव: −३अ ची फोड −२अ आणि −अ. म्हणजे २अ² − २अ − अ + १. पहिल्या दोन पदांतून २अ(अ − १). उरलेल्या दोनांचं −(अ − १). आणि मग, ओळखलंत ना, निम्म्या वर्गाने लिहिलं: (अ − १)(२अ).

पट्टी पुन्हा हरवली होती. या वेळी तिची बाजू उणे होती, आणि संपूर्ण कंसच सामाईक असल्यामुळे ती कोणाला दिसत नव्हती. मी फळ्यावरच्या दोन जुन्या ओळींकडे बोट दाखवलं, पण त्या कधीच पुसल्या गेल्या होत्या. रंगकाम झालं होतं.

मागून दुसऱ्या बाकावरून हात वर आला.

"मॅडम, −(अ − १) ला (अ − १) ने भागायचं ना?"

"हो."

"मग उणे एकची पट्टी कापायची कशी?"

कागद उणे एक रुंदीचा कापता येत नाही. मी म्हटलं, उद्या सांगते. त्या रात्री बराच वेळ चौकटीची वही घेऊन बसले. (२अ − १)(अ − १) चा आयत जोडून नाही, मोठ्या आयतातून पट्ट्या कमी करत काढावा लागतो, आणि त्यात कोपऱ्यातली एक चौकट दोनदा कापली जाते. ती एकदा परत चिकटवावी लागते. तोच शेवटचा + १.

दुसऱ्या दिवशी कात्र्या परत वाटल्या. मुख्याध्यापक दारावरून जाताना थांबले, घड्याळाकडे पाहिलं आणि काही न बोलता पुढे गेले. पाचवा तास होता तो.